मास्तरांनी लावलेली जन्मतारीख आणि एक दिवसाची वेतनवाढ

प्रश्न : मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. दाखल्यावर जन्मतारीख १ जुलै १९६१, म्हणून ३० जून २०१९ ला रिटायर झालो. वेतनवाढ १ जुलैची, ती एका दिवसानं हुकली. आता ती मिळते असं ऐकतो. २०१९ पासूनची थकबाकी मिळेल काय? अर्ज कुठे द्यायचा? – एक वाचक, ता. दर्यापूर

उत्तर : गुरुजी, तुमची खरी जन्मतारीख तुमच्या आईलाच ठाऊक असणार. पोरगं शाळेत घालताना मास्तर विचारायचे, ‘कधी झालं?’ आजी म्हणायची, ‘तुरी सोंगत होतो तवा.’ मास्तर १ जुलै लिहून मोकळे! पेन्शनच्या टेबलावर मी ३१ वर्षं काढली. दर जूनमध्ये माझ्यासमोर अशा जुलैवाल्यांचा ढीग लागायचा, कारण महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच निवृत्त होतो.

वाढ तुमच्या हक्काचीच आहे. सर्वोच्च न्यायालयानं ११ एप्रिल २०२३ ला निकाल दिला, की वेतनवाढ ही सरलेल्या वर्षाच्या कामाची असते. दुसऱ्या दिवशी माणूस नोकरीत नव्हता म्हणून ती बुडत नाही. मात्र थकबाकीचं गणित वेगळं आहे. जे आधी कोर्टात गेले नव्हते, त्यांना वाढीव पेन्शन १ मे २०२३ पासून द्यायची, असं न्यायालयानंच नंतर ठरवून दिलं. म्हणजे जुलै २०१९ ते एप्रिल २०२३ या ४६ महिन्यांवर पाणी सोडा. मला हे पटत नाही, पण आहे ते असं आहे.

रक्कम किती? शेवटचं मूळ वेतन ६०,००० धरलं तर तीन टक्के म्हणजे १,८००, पेन्शनमध्ये त्याची निम्मी ९००, आणि वर महागाई भत्ता. दर महिन्याला, जन्मभर.

अर्ज नागपूरच्या महालेखापाल कार्यालयाला पाठवू नका. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची केस तिथं जातच नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेला द्या. सोबत सेवापुस्तकाच्या शेवटच्या वेतननिश्चितीच्या पानाची आणि पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, झेरॉक्स जोडा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘ठेवून जा गुरुजी, करतो’ म्हणणारा बाबू मीही होतो, म्हणून सांगतो.

आणि कापूस वेचून झाला की बघू, असंही करू नका. उद्या कोर्टात जायची पाळी आली, तर पेन्शनच्या दाव्यात थकबाकी साधारण दावा केल्याच्या मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. जितका उशीर, तितके महिने मागून गळतात.

प्रश्न : आमचे हे तहसीलमध्ये शिपाई होते. रिटायर झाल्यावर ७१ व्या वर्षी गेले. त्याला १४ महिने झाले. मी अजून अर्ज दिला नाही. मुलगा म्हणतो, आता अर्जाच्या तारखेपासूनच मिळेल. यांनी पेन्शन विकली होती, ती माझ्यातून कापतील काय? – एक वाचक, ता. आर्वी

उत्तर : वहिनी, मुलाला सांगा, तसं नसते. कुटुंब निवृत्तिवेतन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होतं. तुम्ही अर्ज आज दिला तरी मागचे १४ महिने तुमचेच. मृत्यूनंतर यांची पेन्शन खात्यात पडत राहिली असेल तर ती परत जाईल किंवा वळती होईल, म्हणून त्या पैशाला हात लावू नका.

रक्कम यांच्या पेन्शनएवढी नसेल. वयाची ६५ उलटल्यावर गेले, म्हणून शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के दरानं, वर महागाई भत्ता. विकलेल्या पेन्शनचं मात्र ओझं नाही. पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी उचलायचा, याला अंशराशीकरण म्हणतात. त्याची कपात यांच्याबरोबर संपली, तुमच्या पेन्शनमधून एक रुपया जात नाही.

विकण्यावरून आठवलं. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत अर्ज दिला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही. हे मी शेकडो लोकांना सांगितलं आणि स्वतःचा अर्ज वर्ष उलटून अकरा दिवसांनी दिला. मग डॉक्टरांसमोर बनियन काढून उभं राहावं लागलं.

तुम्ही दोघांचा जोडफोटो असलेली पीपीओची प्रत, मृत्यूचा दाखला, आधार आणि तुमच्या एकटीच्या खात्याचं पासबुक घेऊन वर्ध्याच्या कोषागारात जा. पीपीओवर तुमचं नाव ‘कमलाबाई’ आणि आधारवर ‘कमल’ असं काही असेल, तर ते आर्वीहून निघण्याआधीच बघून ठेवा.