वाचकांचे प्रश्न : लिंबाने काय निघते आणि काय बिघडते

प्रश्न : आमच्या इमारतीला बोअरचे पाणी येते. नळांवर आणि बाथरूमच्या टाइल्सवर पांढरा थर साचला आहे. लिंबाचा रस आणि खायचा सोडा एकत्र करून लावला. फेस भरपूर आला, पण थर जसाच्या तसा राहिला. घरातली शहाबादी फरशीही लिंबाच्या पाण्याने पुसावी, असा विचार आहे. ते योग्य होईल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : फरशीचा विचार आधी सोडून द्यावा, त्याचे कारण पुढे येईलच. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात आणि पाणी वाळले की मागे जो पांढरा थर उरतो, तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीच्या जातीचाच असतो. लिंबाच्या रसात साधारण ५ ते ६ टक्के सायट्रिक आम्ल असते, ते हा थर हळूहळू विरघळवते. सोडा मात्र आम्लाच्या विरुद्ध गुणाचा असल्यामुळे दोन्ही एकत्र येताच परस्परांचा जोर संपवतात. आपल्याला दिसलेला फेस हा त्यांच्या आपसातल्या क्रियेतून निघालेला कार्बन डायऑक्साइड होता. थराच्या वाट्याला आम्ल फारसे उरलेच नाही. समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींत हा फेस मोठा प्रभावी दिसतो, एवढेच.

नळासाठी रसात भिजवलेले फडके त्याभोवती गुंडाळून वीसेक मिनिटे ठेवावे, जुन्या दातघासणीने घासावे आणि लगेच स्वच्छ पाण्याने धुवावे. मुलामा दिलेल्या नळावर आम्ल रात्रभर ठेवू नये. थर फार जुना असेल, तर किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व दोन मोठे चमचे एक लिटर कोमट पाण्यात विरघळवून तेच वापरावे. उन्हाळ्यात लिंबाचे भाव पाहता, ताजी लिंबे नळावर पिळण्यापेक्षा सरबतात पिळलेली बरी. सरबतानंतर उरलेल्या साली सिंक आणि बेसिन घासण्यास पुरेशा असतात, शिवाय सालीतील तेलाने हलका चिकटपणाही निघतो.

आता फरशीविषयी. शहाबादी हा चुनखडीचाच दगड आहे, आणि जे आम्ल नळावरचा चुनखडीचा थर खाते, ते फरशीलाही सोडत नाही. त्या जागी चकाकी जाऊन निस्तेज, खरबरीत ठिपके पडतात. हे डाग नव्हेत, दगडाचा पृष्ठभागच झिजलेला असतो, त्यामुळे पुसून ते निघत नाहीत, पुन्हा पॉलिश करावे लागते. कोटा फरशी आणि संगमरवरी ओटा यांनाही हेच लागू आहे. अशा फरशीला साधे पाणी आणि थोडासा सौम्य साबण पुरतो. टाइल्सच्या सांध्यांतल्या सिमेंटवरही आम्ल फार वेळ राहू देऊ नये.

प्रश्न : देवपूजेची तांब्या-पितळेची भांडी लिंबू-मिठाने लख्ख होतात, पण चांदीचे निरांजन तसेच काळे राहते. असे का?

उत्तर : तांब्यावरचा काळपटपणा बव्हंशी त्याच्या ऑक्साइडचा असतो. तो आम्लात विरघळतो आणि मिठामुळे काम आणखी सोपे होते. कोकणात आमसूल आणि देशावर चिंच याच कामासाठी वापरली जाते. पितळेवर मात्र आंबट पदार्थ फार वेळ ठेवल्यास त्यातले जस्त निघून तांबूस चट्टे उमटतात, म्हणून घासताच धुऊन कोरडे पुसावे. कल्हई केलेल्या भांड्याच्या आतल्या बाजूला हा प्रयोग करू नये. चांदीचा काळेपणा गंधकाशी झालेल्या संयोगाचा असतो, त्यावर लिंबू फारसे चालत नाही. भांड्याच्या तळाशी अ‍ॅल्युमिनियमचा कागद पसरून त्यावर निरांजन टेकवावे आणि खायचा सोडा घातलेले गरम पाणी ओतावे. काळेपणा बराच उतरतो. खडे जडवलेल्या किंवा मुद्दाम काळी झाक दिलेल्या वस्तूंवर हे करू नये.

प्रश्न : शौचालय जंतुमुक्त व्हावे म्हणून ब्लीचमध्ये लिंबू पिळले तर?

उत्तर : मुळीच पिळू नये. ब्लीचमध्ये कोणतेही आम्ल मिसळले की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो आणि बंद शौचालयात तो डोळ्यांना, घशाला व फुप्फुसांना इजा करतो. आज लिंबू वापरले असेल, तर जागा भरपूर पाण्याने धुतल्याशिवाय तिथे ब्लीच टाकू नये. शिवाय लिंबाने क्षारांचे डाग जातात, वासही कमी होतो, परंतु ते जंतुनाशकाची जागा घेऊ शकत नाही. घरात कोणी आजारी असेल, तेव्हा जंतुनाशक त्याच्या वेष्टनावरील सूचनेप्रमाणे एकटेच वापरावे. लिंबाने काम झाल्यावर गच्चीत किंवा अंगणात जाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, कारण कागदी लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर कडक ऊन पडले, तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि त्यांचे काळे डाग कित्येक आठवडे राहतात.