रेसिंगला पैसे घाल, पण सातबाऱ्यावर बोजा चढवून नको

आधी मला आलेला प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलगा २३ वर्षांचा, डिप्लोमा मेकॅनिकल, चाकणला एका कंपनीत नोकरी, हातात महिन्याला ३१ हजार येतात. गाव तासगाव, वडिलांची अडीच एकर द्राक्षबाग. गेले दोन सीझन मोटरसायकलच्या वन मेक रेसमधे (सगळ्यांना एकसारखीच बाईक असते ती रेस) चालवतोय, एकदा तिसरा आलाय. आता एका प्रायव्हेट टीमने नॅशनल चॅम्पियनशिपच्या पूर्ण सीझनचे ९ लाख मागितलेत. बँकेत २ लाख ६० हजार, पीएफमधे १ लाख ४० हजार, आणि राहिलेल्या ५ लाखांसाठी एकतर पर्सनल लोन नाहीतर वडील जमिनीवर कर्ज काढायला तयार आहेत. नोकरी सोडून फुलटाइम रेसर व्हायचंय. शेवटी लिहिलंय "सर करू का? आणि मला अरे-तुरेच करा, अहो-जाहो नको."

तर अरे-तुरे करतो. नोकरी सोडू नकोस, वडिलांच्या जमिनीला हात लावू नकोस, या वर्षी ९ लाखांचं पॅकेज घेऊ नकोस. रेसिंग मात्र सोडायची गरज नाही, ती कशी करायची ते खाली लिहितो.

तू ९ लाखांना "गुंतवणूक" म्हटलंयस, तिथेच माझी गाडी अडली. गुंतवणूक म्हणजे त्यातून पुढे काहीतरी परत यायची वाट असते, इथे ती वाट कुठे आहे ते बघू. आपल्याकडे रायडरला पगार किंवा मानधन मिळतं ते जवळपास फक्त कंपनीच्या फॅक्टरी टीममधे, टीव्हीएस रेसिंग १९८२ पासून आहे, होंडा आहे, अजून दोन-तीन नावं घे आणि संपलं. या सगळ्यांच्या मिळून सीट किती, तर हाताच्या बोटांवर नाही पण दोन्ही हातापायांच्या बोटांवर मावतील एवढ्याच. बाकी ग्रिडवर, म्हणजे स्टार्टच्या रांगेत, उभी असलेली पोरं स्वतःच्या, बापाच्या किंवा एखाद्या ओळखीच्या शोरूमवाल्याच्या पैशावर उभी असतात. म्हणजे ९ लाख देऊन तू टीमचा रायडर होत नाहीयेस, टीमचं गिऱ्हाईक होतोयस. त्यात वाईट काही नाही, पण मग त्याला खर्च म्हण, आणि खर्च म्हटलं की तो झेपेल तेवढाच करायचा असतो.

मोटोजीपी, म्हणजे बाईक रेसिंगची सगळ्यात वरची वर्ल्ड चॅम्पियनशिप, तिथल्या केसी स्टोनरचं उदाहरण तू दिलंयस, की त्याच्या आईवडिलांनी ऑस्ट्रेलियातलं सगळं विकलं आणि पोराला घेऊन इंग्लंडला गेले. खरं आहे. तो तेव्हा १४ वर्षांचा होता, आणि तिकडे गेले कारण ऑस्ट्रेलियात त्या वयात रोड रेसिंग करता येत नव्हतं. पुढे २००७ आणि २०११ ला वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि २०१२ च्या शेवटी, वयाच्या २७ व्या वर्षी रिटायर पण झाला. पण सगळं विकून गेलेल्या ज्या घरांची पोरं चॅम्पियन झाली नाहीत त्यांची नावं तुला माहीत आहेत का? मलाही नाहीत, त्यांच्यावर कोणी व्हिडिओ बनवत नाही. आणि तू २३ चा आहेस. मोटोजीपीचे मोठे चॅम्पियन बघ, मार्केझ वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे १५ व्या वर्षी आला, रॉसी १७ व्या वर्षी. मोटोजीपीचं स्वप्न आर्थिक प्लॅनमधून आजच काढून टाक, भिंतीवर पोस्टर राहू दे.

बरं अगदी वर पोचलेल्यांचं तरी किती पक्कं असतं? सुझुकीचा मोटोजीपीशी २०२६ पर्यंत करार होता, तरी २०२२ ला मधेच जाहीर केलं की आम्ही चाललो, आणि २०२० चा वर्ल्ड चॅम्पियन जोआन मीर दुसरी सीट शोधत फिरला. मार्केझचा उजवा हात २०२० ला स्पेनमधल्या हेरेझच्या ट्रॅकवर मोडला, त्या एका हातावर चार ऑपरेशनं झाली, पुढचं टायटल यायला २०२५ उजाडलं. मधली वर्षं त्याच्याकडे आधी कमावलेला पैसा होता. तुझ्याकडे काय असेल?

आता तू पाठवलेल्या कोटेशनकडे ये. एंट्री, टायर, पेट्रोल, मेकॅनिक, गाडीची ने-आण, प्रॅक्टिसचे दिवस, सगळं मांडलंय आणि ते ठीक दिसतंय. सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे, "क्रॅश डॅमेज रायडरकडून, प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे". ही ओळ वाचलीस का? रेसमधे पडणं हा अपवाद नसतो, ते धरूनच चालायचं असतं. साधा घसरलास तरी क्लच लिव्हर, फूटपेग, हँडल, फेअरिंग, वर तुझा लेदर सूट आणि हेल्मेट, हेल्मेट तर एकदा आपटलं की गेलंच. गाडी खडीत कोलांट्या खात गेली तर फ्रेम आणि इंजिनपर्यंत बिल जातं. या रकमेला वरची मर्यादाच नाहीये. म्हणजे तुझा आकडा ९ लाख नाही, ९ लाख अधिक कितीही असा आहे, आणि असल्या कागदावर मी कुठल्याच क्लायंटला सही करू देत नाही, मग ती रेसिंग टीम असो की बिल्डर.

आणि गाडीपेक्षा मोठं बिल तुझ्या हाडांचं. हे नीट वाच कारण बहुतेक पोरांना हे माहीतच नसतं. आपल्याकडच्या हेल्थ पॉलिसीत एक ठरलेलं एक्सक्लुजन असतं, कोड एक्सेल ०९, धोकादायक किंवा साहसी खेळात प्रोफेशनल म्हणून भाग घेतल्यामुळे झालेल्या दुखापतीचा खर्च मिळणार नाही, आणि त्या यादीत मोटर रेसिंग नाव घेऊन लिहिलेलं आहे. आज नोकरी करून हौस म्हणून चालवतोयस तर निदान भांडायला जागा आहे, नोकरी सोडून "मी फुलटाइम रेसर" झालास की ती जागा तू स्वतःच बंद केलीस. शिवाय कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर जातो, त्यात आईवडील असतील तर तेही उघडे पडले. म्हणून टीमकडे आणि आयोजकांकडे लेखी माग, रायडरचा विमा आहे का, किती रकमेचा, हॉस्पिटलचा खर्च धरून की फक्त मृत्यू-अपंगत्व. टर्म इन्शुरन्स काढशील तेव्हा फॉर्ममधे रेसिंग लिही, हप्ता वाढला तर वाढू दे. ऑगस्ट २०२३ मधे चेन्नईच्या ट्रॅकवर नॅशनल चॅम्पियनशिपच्या रेसमधे १३ वर्षांचा एक मुलगा गेला, हे तुलाही माहीत असणार. घाबरवायला सांगत नाहीये, हा प्लॅनमधला एक रकाना आहे आणि तो तू रिकामा सोडलायस.

कर्जाचा हिशोब सोपा आहे. ५ लाख, १४ टक्के, ४ वर्षं, तर ईएमआय साधारण १३,७०० आणि एकूण परतफेड साडेसहा लाखांच्या वर. सीझन संपतो काही महिन्यांत, हप्ते चालतात ४ वर्षं, आणि तुझ्या प्लॅनमधे पगार शून्य. मग हप्ता भरणार कोण, तर परत वडीलच. पीएफचं पण तेच, पाच वर्षं नोकरी व्हायच्या आत काढलास तर त्यावर टॅक्स लागतो, ५० हजारांच्या वर असेल तर आधीच टीडीएस कापून हातात देतात. तो तसाच राहू दे.

वडिलांच्या जमिनीबद्दल. तूच लिहिलंयस की सोसायटीचं पीककर्ज आधीच आहे. द्राक्षाचं तुला मी काय सांगणार, ऑक्टोबर छाटणीनंतर एक अवकाळी पाऊस फुलोऱ्यात आला की वर्षभराचं औषध-मजुरीचं गणित बसतं खाली. म्हणजे घरात जोखमीचा एक धंदा आधीच चालू आहे, त्याच सातबाऱ्यावर दुसऱ्या जोखमीचा बोजा चढवायचा? वडील तयार आहेत म्हणून काय झालं, वडील पोराला नाही म्हणत नाहीत.

मग करायचं काय? तू पोडियमबद्दल (पहिल्या तिघांत येण्याबद्दल) लिहिलंस, लॅप टाइमबद्दल, म्हणजे ट्रॅकची एक फेरी मारायला किती वेळ लागतो त्याबद्दल, एक अक्षर नाही. पोडियम पुढची दोघं पडली तरी मिळतो. वन मेकमधे गाड्या सगळ्यांना सारख्याच असतात, त्यामुळे तुझ्यात आणि पहिल्या नंबरवाल्यात जो फरक आहे तो तुझाच असतो, सेटिंगला दोष देता येत नाही. मद्रास इंटरनॅशनल सर्किट साधारण ३.७ किलोमीटरचं आहे, तिथे बेस्ट लॅपमधे तू त्याच्यापासून किती मागे आहेस? एका सेकंदाच्या आत असशील तर बोलण्यासारखं आहे. तीन-चार सेकंद मागे असशील तर ९ लाखांचं पॅकेज घेऊनही मागेच राहशील, फक्त महाग होऊन. मागच्या दोन सीझनचे टाइमशीट काढ आणि एका कागदावर तारखेप्रमाणे लिही, फरक कमी होतोय की तिथेच अडकलाय ते दिसेल. माझ्या मते हा कागद तुझ्या सगळ्या ट्रॉफ्यांपेक्षा मोलाचा आहे, आणि कुठल्या फॅक्टरी टीमला भेटायला गेलास तर तेही हेच विचारतील.

या वर्षी अजून एक सीझन अशा फॉर्मॅटमधे काढ जिथे गाडी आयोजकांची असते, टीव्हीएसची वन मेक आहे, रॉयल एनफिल्डचा कॉन्टिनेंटल जीटी कप आहे. राउंड थोडेच असतात आणि शुक्रवार ते रविवार असतात, म्हणजे रजा जुळवून नोकरीत राहून होतं, एचआरशी आत्ताच बोलून ठेव. बँकेतल्या २ लाख ६० मधले १ लाख बाजूला काढ, तो तुझा तीन महिन्यांचा खर्च, त्याला विसरून जा. उरलेले १ लाख ६० आणि पगारातून महिन्याला ८ हजार, म्हणजे वर्षाला अडीच लाखांच्या आसपास रेसिंगचं बजेट झालं. संपलं की त्या वर्षाची रेसिंग संपली, ऑगस्टमधे संपलं तर ऑगस्टमधे. याच पैशातून ट्रॅकवरचे सरावाचे दिवस आणि एखादं चांगलं कोचिंग घे, नवीन एक्झॉस्ट घेऊ नकोस.

डर्टची, म्हणजे मातीतल्या रेसिंगची, आवड असेल तर एक दार अजून उघडं आहे. रॅलीत वयाला जरा जास्त माफी आहे, सी. एस. संतोषने २०१५ ला डकार ही कित्येक दिवस चालणारी खडतर रॅली पूर्ण केली, पूर्ण करणारा पहिला भारतीय, तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता. हरिथ नोहा २०२४ ला डकारमधला रॅली २ क्लास जिंकला तोही तिशीच्या घरातच. नाशिककडे टू-व्हीलर रॅली होतात, जवळच्या जवळ एखादी करून बघ. पण तिथेही दुखापतीचं गणित तेच, संतोष २०२१ च्या डकारला पडला तेव्हा डॉक्टरांना त्याला कोमात ठेवावं लागलं होतं.

आणि एक गोष्ट जी तुझ्या वयाला कंटाळवाणी वाटेल. तू मेकॅनिकलवाला आहेस, चाकण-आकुर्डी पट्ट्यात बसलायस, रेसिंग लायसन्स आणि दोन सीझनचा डेटा तुझ्याकडे आहे. टेस्ट रायडर, व्हेइकल टेस्टिंग, आर अँड डी, या जागांसाठी तुझ्यासारखी पोरं फार नसतात. रोज गाडी चालवायचे पैसे मिळतात, पीएफ कापला जातो, मेडिक्लेम असतो. या सीझनबरोबर तिथेही अर्ज टाकायला सुरुवात कर.

पुढच्या वर्षी टाइमशीटवरचा फरक सेकंदाच्या आत आला तर त्याच टीमकडे परत जा, पण तेव्हा क्रॅश डॅमेजला वरची मर्यादा लिहून घे, पैसे राउंडप्रमाणे द्यायचे म्हण, एकरकमी नाही, आणि दुखापत होऊन बाहेर बसलास तर उरलेल्या राउंडचं काय ते कागदावर आण. नाही म्हणाले तर दुसरी टीम बघ. वडिलांना फोन करून आज एवढंच सांग की कर्जाचा अर्ज भरला असेल तर मागे घ्या.