छोटं इंजिन पॉइंटवर अडतंय? आधी कुठलं चाक करंट घेत नाही ते शोधा

तुम्ही लिहिलंय की एचओचं (१:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेचं) चार चाकी शंटिंग इंजिन आहे, जोरात सोडलं तर सगळीकडून नीट फिरतं पण हळू चालवलं की पॉइंटवर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जोडावर) हमखास थांबतं, बोटाने ढकललं की पुन्हा सुरू, रूळ दोनदा पुसून झाले, आणि आता कपॅसिटर (क्षणभर पुरेल एवढी वीज साठवणारा भाग) टाकू का. टाका, जरूर टाका, पण सगळ्यात शेवटी. आत्ताच टाकलात तर दोष झाकला जाईल, जाणार नाही, आणि सहा महिन्यांनी तेच इंजिन कपॅसिटरसकट अडायला लागेल.

मुळात होतं काय ते बघा. चार चाकांचं इंजिन म्हणजे चौरंग. जमीन जरा वरखाली असली की चौरंगाचा एक पाय अधांतरी राहतो, तिवई मात्र कुठेही ठेवा, डुगडुगत नाही. रूळ कितीही जपून टाकले तरी कागदाच्या जाडीएवढा फरक कुठे ना कुठे असतोच, आणि दोन्ही अ‍ॅक्सल चासीत घट्ट बसलेले असतील तर अशा जागी तीनच चाकं नीट टेकतात. म्हणजे एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एकच. ते एकटं चाक प्लॅस्टिकच्या फ्रॉगवर (पॉइंटमधे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यावर) गेलं किंवा मळाच्या ठिपक्यावर आलं की करंट बंद. त्यात एखाद्या चाकावर रबरी टायर असेल तर ते चाक ओढायला कामाचं, करंटसाठी मेलेलंच धरा. जोरात गेलं की फ्लायव्हील आणि स्वतःच्या वेगामुळे तेवढा तुकडा पार होतो, म्हणून फास्ट चालवताना दोष दिसतच नाही. पिकअपची, म्हणजे चाकांनी रुळातून करंट घेण्याची, परीक्षा घ्यायची ती अगदी गोगलगायीच्या वेगाने.

आता कुठलं चाक दोषी ते शोधायचं. याला काहीही विकत आणावं लागत नाही. साध्या कागदाची छोटी पट्टी घ्या, इंजिनाच्या एका चाकाखाली ठेवा, इंजिन हाताने हलकं धरा आणि कंट्रोलर थोडा उघडा. त्या बाजूला आता दुसऱ्या एकट्या चाकावर सगळं अवलंबून आहे. मोटर फिरली तर ते दुसरं चाक ठीक, थांबली किंवा अडखळली तर दोष त्या दुसऱ्या चाकात, कागद ज्याच्याखाली आहे त्याच्यात नाही (इथे बरेच जण उलटं समजतात आणि चांगलं असलेलं चाक खोलून बसतात). कागदाने ती बाजू किंचित उचलली जाते म्हणून दुसऱ्या चाकावर बोटाने जरासा दाब द्या. असं चारही चाकांना करा. चारही वेळा मोटर बिनतक्रार फिरली पाहिजे. पहिल्यांदा करून बघाल तेव्हा एखादं चाक कित्येक दिवस फुकट फिरतंय असं निघायची शक्यता भरपूर आहे.

वायपरला (चाकाला टेकून त्याचा करंट मोटरकडे नेणाऱ्या तारेला) हात लावायच्या आधी साफसफाई, पण रुळाची नाही, चाकाची, आणि त्याहून जास्त चाकाच्या मागच्या बाजूची. टिश्यू आयसोप्रोपिल अल्कोहोलमधे भिजवून रुळावर आडवा टाका, एक अ‍ॅक्सल टिश्यूवर आणि दुसरा उघड्या रुळावर ठेवा, हाताने धरून मोटर फिरवा, टिश्यूवर काळे पट्टे उमटतील, मग इंजिन फिरवून दुसरा अ‍ॅक्सल. हे सगळेच करतात. राहून जातं ते वायपरचं टोक. तिथे तेल, धूळ आणि केस मिळून काळा लगदा होतो आणि तार त्या लगद्यावर तरंगत राहते. इअरबडला अल्कोहोल लावून चाकाची मागची बाजू आणि तारेचं टोक दोन्ही पुसा. सँडपेपर मात्र चाकालाही नको आणि रुळालाही नको, ओरखड्यांमधे मळ आणखी घट्ट धरतो. चाकं कारखान्यातूनच काळी केलेली असतील तर रुळावर टेकणारा भाग आणि वायपर घासतो ती जागा पॉलिश करून चकचकीत करा, बाकी काळं राहू दे, दिसायला तेच छान दिसतं. आणि तेल सुईच्या टोकावर मावेल एवढंच. जास्तीचं तेल अ‍ॅक्सलवरून सरकत चाकावर येतंच येतं.

आता मुख्य गोष्ट, वायपर. अ‍ॅक्सलला आडवी थोडी हालचाल असते, वळणावर चाक आतबाहेर सरकतं, आणि वायपर मागून टेकत असेल तर चाक त्याच्यापासून लांब गेल्यावरही त्याने पाठलाग केला पाहिजे. माझं एक इंजिन फक्त डावीकडच्या वळणावर थांबायचं, उजवीकडे कधीच नाही, आणि मी कितीतरी दिवस त्या वळणाचे रूळ पुसत राहिलो. उलटं करून चाक बोटाने एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला सरकवलं तेव्हा दिसलं की एका टोकाला तार आणि चाक यांच्यात स्पष्ट फट पडतेय. तर तार वाकवताना चाक वायपरपासून जास्तीत जास्त लांब सरकवून बघा, तिथेही हलकी टेकली पाहिजे.

हलकी हा शब्द महत्त्वाचा. लोक तार दाबून बसवतात आणि मग वायपर ब्रेकचं काम करतो, छोटी मोटर हळू फिरायलाच तयार होत नाही. यावर उपाय म्हणजे तार बारीक आणि लांब घेणं. लांबी दुप्पट केली की तीच तार आठपट मऊ होते, जाडी निम्मी केली तर सोळापट, हा स्प्रिंगचा साधा हिशोब आहे आणि इथे तंतोतंत लागू पडतो. आखूड जाड पत्ती एकतर जोरात दाबते नाहीतर टेकतच नाही, मधलं काही सापडत नाही. लांब तार चाक अर्धा मिलिमीटर सरकलं तरी जवळपास तेवढ्याच दाबाने टेकत राहते. फॉस्फर ब्राँझची ०.३ ते ०.४ मि.मी. तार घ्या, साधी तांब्याची नको, तिच्यात स्प्रिंगपणा नसतो, एकदा वाकली की तशीच राहते. जागा कमी असेल तर तारेला मधे एखादा वेढा द्या, लांबी आपोआप मिळते. चाकाचा मधला भाग प्लॅस्टिकचा असेल तर टोक बाहेरच्या धातूच्या कड्यावरच टेकलं पाहिजे, हे सांगायची गरज वाटू नये पण घाईत चुकतं.

नवीन वायपर बसवायला चासीच्या तळाला कॉपर क्लॅड पीसीबीची (तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाची) छोटी पट्टी एपॉक्सीने चिकटवायची आणि तार तिच्यावर सोल्डर करायची. तार आणि वायर जमेल तितकं पट्टी चिकटवायच्या आधीच सोल्डर करून घ्या, नाहीतर प्लॅस्टिकची चासी वितळेल. तांब्याचा थर मधोमध कापून दोन बाजू वेगळ्या करा आणि मल्टीमीटरने शॉर्ट नाही ना ते बघा. धातूची चासी असेल तर तार कुठेही चासीला घासत नाही ना हे दोनदा बघा. झाल्यावर कागदाची चाचणी पुन्हा.

एवढं करूनही चार चाकं ती चारच. एचओमधे अशा इंजिनाच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर जेमतेम २५-३० मि.मी. असतं, लांब मेलेला (करंट नसलेला) फ्रॉग ते गिळून टाकतो. इथे मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे इंजिनाला कायमची जोडलेली एक वाघीण. करंट घेणारी धातूची चाकं वाढली, लांबी दुप्पट-तिप्पट झाली, आणि शंटिंग इंजिनामागे एक वाघीण विचित्रही दिसत नाही. बऱ्याच धातूच्या व्हीलसेटमधे एकच चाक अ‍ॅक्सलपासून इन्सुलेटेड असतं, त्याचा फायदा घ्या: एक अ‍ॅक्सल असा लावा की उजवं चाक करंट देईल, दुसरा उलटा फिरवून लावा म्हणजे डावं देईल, आणि तार चाकाला न लावता थेट अ‍ॅक्सलला टेकवा. अ‍ॅक्सल बारीक असल्यामुळे घर्षण नगण्य. मधल्या दोन वायरी अगदी मऊ, बहुतारी घ्या आणि ढिल्या सोडा, ताठ वायर वाघिणीला वळणावर रुळावरून उचलते.

वजनही वाढवा, पण दोन अ‍ॅक्सलच्या बरोबर मधे, नाहीतर एक टोक हलकं होऊन तिथलीच चाकं उचलली जातात. टंगस्टन शिशापेक्षा खूप जड, घनता १९.३ विरुद्ध ११.३, त्यामुळे बारक्या केबिनमधे तेच परवडतं. शिसं वापरलंत तर पांढऱ्या पीव्हीए गोंदाने चिकटवू नका, कालांतराने शिसं फुगतं आणि बॉडी फुटते. एपॉक्सी वापरा.

हातात कसब असेल तर एक अ‍ॅक्सल मधोमध टेकून वरखाली अर्धा मिलिमीटर झुलेल असा करता येतो, मग तो चौरंग न राहता तिवई होते आणि चारही चाकं टेकतात. पण तयार इंजिनात गिअर असलेला अ‍ॅक्सल झुलवायच्या नादाला लागू नका, दुसरा झुलवा.

ट्रॅकचं थोडक्यात. फ्रॉग धातूचा असेल तर स्विचने त्याला योग्य बाजूचा करंट द्या, पॉइंटची हलणारी पाती फक्त टेकून करंट घेत असेल तर तिला पण वायर द्या, आणि रुळाच्या जोडपट्टीवर करंटसाठी विसंबू नका, प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर.

आणि आता कपॅसिटर. डीसीसी डिकोडर (डिजिटल कंट्रोलचे हुकूम वाचून मोटर चालवणारं इंजिनातलं छोटं सर्किट) असेल तरच, साध्या डीसीवर दिशा बदलताना पोलॅरिटी उलटते, तिथे पोलराइज्ड कपॅसिटर थेट लावणं धोक्याचं आहे. डिकोडरच्या निळ्या वायर आणि ग्राउंडमधे लावायचा, २५ व्होल्टचा, छोट्या इंजिनात २२० ते १००० मायक्रोफॅरड जे मावेल ते. सोबत १०० ओहमचा रेझिस्टर चार्जिंगसाठी आणि त्याला समांतर डायोड, नाहीतर सुरुवातीचा करंट शॉर्टसारखा दिसून सिस्टिम ट्रिप होऊ शकते. सुपरकपॅसिटर वापरणार असाल तर ते एकेक २.७ व्होल्टचे असतात, ६ सिरीजमधे लावले की १६.२ व्होल्ट. डिकोडरच्या सीव्ही २९ या सेटिंगमधला डीसी मोड (साध्या डीसीवरही चालण्याची सोय) बंद करा. आणि हे लक्षात असू द्या की मोठा कपॅसिटर लावलेलं इंजिन ट्रॅकची पॉवर कापली तरी लगेच थांबत नाही, टेबलाच्या कडेला रूळ असतील तर तिथे कठडा लावा.

कागदाची चाचणी करून कुठलं चाक निघालं ते लिहा, आणि जमलं तर इंजिन उलटं करून खालच्या बाजूचा जवळून फोटो टाका. वायपर कुठे टेकतोय ते दिसलं की तार कुठून आणि किती लांब घ्यायची ते नेमकं सांगता येईल.