पट्ट्यावर चालणारा इंधन पंप घाटातल्या जीपला उपयोगी पडेल का?

प्रश्न : मी शहादा तालुक्यातील शेतकरी आहे. माझ्या जुन्या जीपमध्ये अपघातग्रस्त मोटारीचे सुमारे १०० अश्वशक्तीचे, इंजेक्शन प्रणालीचे (इंधन दाबाने फवारणारे) पेट्रोल इंजिन बसवून घेतले आहे. इलेक्ट्रिक पंप टाकीबाहेर, चासीच्या वरच्या बाजूला सायलेन्सरच्या पाइपाजवळ आहे. मे महिन्यात तोरणमाळचा घाट चढताना गाडी गुदमरून बंद पडते आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते. शर्यतीच्या गाड्यांप्रमाणे क्रँक पुलीवरून (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकावरील चाकावरून) पट्टा घेऊन यांत्रिक पंप बसवावा, असे धुळ्याच्या एका मिस्त्रींनी सुचवले आहे. पुलीचे प्रमाण किती ठेवावे आणि ब्रॅकेट कुठे बसवावे? आरटीओची काही अडचण येईल का?

उत्तर : आपल्या गाडीचे दुखणे पंपाच्या ताकदीचे नसून उष्णतेचे आहे, आणि पट्ट्यावरच्या पंपाने ते बहुधा वाढेलच. पेट्रोलमधील सर्वांत हलके घटक साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात. खान्देशात मे महिन्यात हवाच त्याहून तापलेली असते. पंप इंधन ओढतो तेव्हा त्याच्या मागच्या नळीतील दाब घटतो आणि दाब घटला की उकळबिंदूही खाली येतो. म्हणून टाकीपेक्षा उंच आणि सायलेन्सरजवळ बसवलेल्या पंपात पेट्रोलऐवजी वाफ शिरते. पट्ट्यावरचा पंप इंजिनाच्या पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या गरम झोतात येईल आणि मागच्या टाकीतून सगळे इंधन लांबच्या नळीने ओढत राहील.

शर्यतीत हा पंप वापरतात त्याचे कारण वेगळे आहे. वजनाने एक भाग पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर शर्यतीच्या अनेक गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या मेथॅनॉल या अल्कोहोल इंधनाला ६.४ भागच पुरते. त्यामुळे तेवढ्याच हवेत मेथॅनॉल दुपटीहून अधिक लागते, आणि मोठ्या इंजिनाला एवढा पुरवठा करताना इलेक्ट्रिक पंपांची दमछाक होते. आपल्या इंजिनाला पूर्ण जोरातही ताशी ३० लिटरच्या आसपास पेट्रोल पुरेल, आणि टाकीत बसणारा साधा इलेक्ट्रिक पंप त्याहून बराच अधिक देतो. शिवाय सेल्फ मारताना इंजिन मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे घेते. पंप त्याच्या निम्म्या वेगाने फिरला, तर इंजेक्शनला लागणारा सुमारे ३ बार दाब तयार होणे अवघड असते. म्हणजे सुरू करण्यासाठी इलेक्ट्रिक पंप ठेवावाच लागेल.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की, आधी पंप टाकीत, पेट्रोलात बुडालेला बसवावा, नळी सायलेन्सरपासून दूर न्यावी आणि जवळून जाणे अटळ असेल तेथे पत्र्याची उष्णतारोधक ढाल लावावी. पंपाचे पेट्रोल टाकीत परतवणारी रिटर्न लाइनही तपासावी, कारण ती दबली किंवा चुकीच्या मापाची असली तर पंपावरचा ताण वाढतो. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्यामुळे जुन्या रबरी नळ्या त्याला टिकणाऱ्या नळ्यांनी बदलाव्यात.

तरीही पट्ट्याचाच पंप लावायचा असेल, तर सर्वांत महत्त्वाची बाब ब्रॅकेटची आहे. ते चासीला नव्हे, इंजिनाच्या ब्लॉकलाच बोल्टने पक्के करावे. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते. पंप चासीवर राहिला, तर प्रत्येक झटक्याला पट्टा एकदा ताणला जाईल, एकदा सैल पडेल, आणि तो फार काळ टिकणार नाही. पट्टा दातांचा घ्यावा. क्रँकवर २० दातांची पुली आणि पंपावर ४० दातांची ठेवल्यास पंप निम्म्या वेगाने फिरतो. पंपाच्या उत्पादकाने दिलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा मात्र आधी पाहावी. लहान पुलीचे किमान सहा दात पट्ट्यात गुंतलेले असावेत आणि दोन्ही पुल्यांच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवली असता फट दिसू नये. पट्टा अतिताणल्यास पंपाचे बेअरिंग आणि सील जाते. शेतातल्या मातीचे खडे दातांत अडकू नयेत म्हणून पत्र्याचे झाकण आवश्यक आहे. डिझेल इंजिनात मात्र पट्ट्याने फिरणारा इंजेक्शन पंप क्रँकशी अचूक जुळवावा लागतो, कारण तेथे एक दात सरकला तरी इंधन सोडण्याची वेळ बदलते. पेट्रोल पंपाला तसे टायमिंग नसते.

नोंदणीविषयी सांगायचे तर, मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलण्यास नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. नव्या इंजिनाचा क्रमांक आरसीवर नसेल, तर अपघातानंतर विमा दावा अडू शकतो, म्हणून इंजिनाच्या खरेदीची कागदपत्रे घेऊन आधी नंदुरबारच्या कार्यालयात चौकशी करावी आणि पंपाचे काम त्यानंतर हाती घ्यावे.