पर्लिनींना झोळ आला, आता काय?

प्रश्न : शेडच्या दोन कैच्यांमध्ये (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांमध्ये) 5 मीटर अंतर आहे, उतार 20 अंशांचा. सी पर्लिनींना (कैच्यांवर आडव्या टाकलेल्या, छपराचा पत्रा पेलणाऱ्या C आकाराच्या पोलादी पट्ट्यांना) मधोमध झोळ आलाय. काढून जास्त जाडीच्या टाकाव्यात का?

उत्तर : इतक्यात काढू नका. झोळ कोणत्या दिशेने आलाय, ते आधी बघा. पर्लिनीच्या दोन टोकांना सूत ताणून बांधा आणि मध्यावर दोन मापं घ्या : एक पत्र्याला काटकोनात, दुसरं उताराच्या दिशेने.

दुसरं माप मोठं असेल, तर जाडीने फारसं साधणार नाही. 20 अंशांवर भाराचा सुमारे 34 टक्के हिस्सा उताराच्या दिशेने खाली ओढतो आणि त्या दिशेला सी पर्लिन मुळातच लेची असते. तिथे सॅग रॉड हवेत : मध्यावर 12 मिमीचे आटे पाडलेले गज, प्रत्येक पर्लिनीच्या दोन्ही बाजूंना नट. ही साखळी वळचणीपासून आढ्यापर्यंत अखंड न्या आणि आढ्यावर समोरच्या पाख्याच्या पर्लिनीशी बांधा. नेमकं हे शेवटचं बांधणंच राहून जातं; मग सगळी ओढ आढ्याजवळच्या एकट्या पर्लिनीवर येते आणि तीच वाकते.

काटकोनातला झोळ 33 मिमीपेक्षा, म्हणजे लांबीच्या 150व्या भागापेक्षा जास्त असेल, तर मात्र पर्लिन खरोखरच कमी पडतेय. तरीही आमचं मत मधे आधार देण्याकडेच झुकतं. पर्लिनीचा पत्रा दुप्पट जाड घेतला, तर झोळ साधारण निम्मा होतो. आधारांमधलं अंतर निम्मं केलं, तर तो 16व्या भागाहूनही कमी होतो. पर्लिन आधी जॅकने सुतात उचला, मगच आधार पक्का करा. पर्लिनीच्या एकूण भारापैकी सुमारे 62 टक्के भार या मधल्या आधारावर येतो, तेव्हा तो खांबांपर्यंत पोचणाऱ्या कैचीवर किंवा तुळईवरच हवा. आतल्या फॉल्स सीलिंगच्या सांगाड्यावर टेकू लावणं धोक्याचं आहे.

प्रश्न : सी पर्लिनीची उघडी बाजू कुठे ठेवायची?

उत्तर : आढ्याकडे. अशी बसवली की भार तिच्या पिळाच्या केंद्राजवळून (जिथून भार गेला तर ती मुरडत नाही, त्या बिंदूजवळून) जातो आणि ती कमी मुरडते. झेड (Z आकाराच्या) पर्लिनीचंही वरचं पातं, म्हणजे वरची आडवी कड, आढ्याकडेच. दोन्ही क्लीटला (कैचीवरच्या जोडपट्टीला) बोल्टनेच जोडा. वेल्डिंगने जस्ताचा थर जळतो आणि पातळ पत्र्याला गंज तिथूनच लागतो.