लालचुटुक, लालबुंद आणि जांभळंगुडूप

प्रश्न थोडक्यात असा: 'आमच्या घरी एक खेळ चालतो. दिवसभरात नजरेत भरलेला एक रंग प्रत्येकाने रात्री जेवताना सांगायचा. धाकटी म्हणाली, आज लालबुंद चेंडू पाहिला. आजीने लगेच दुरुस्त केलं, चेंडू लालभडक म्हणायचा. लालभडक, लालबुंद आणि लालचुटुक यांत खरंच फरक आहे का? शिवाय तिने आपल्या पांघरुणाला "जांभळंगुडूप" असं नाव ठेवलंय. असा शब्द नसतो म्हणून सांगावं का?'

आजींचा कान पक्का आहे. तिन्ही शब्दांचा अर्थ ढोबळमानाने 'खूप लाल' असाच सांगितला जातो, पण बोलताना आपण ते एकाच्या जागी दुसरा असे सहसा वापरत नाही.

लालबुंद हा आतून वर आलेला लाल. धावून आलेल्या पोराचा चेहरा, रागावलेल्या माणसाचे कान, फुललेला निखारा, झाडावर पिकलेलं फळ. कुठेतरी उष्णता किंवा रक्त किंवा रस भरून आलेला असतो. चेंडूला रंग बाहेरून दिलेला, म्हणून तो कानाला खटकतो. लालभडक बाहेरूनच येतो आणि अंगावर येतो. 'भडक' एकटा वापरला तरी त्यात थोडी नापसंती असते, ती इथेही उरते. लालभडक पडदे म्हणणाऱ्याला ते पडदे फारसे आवडलेले नसावेत.

लालचुटुक मात्र लाडाचा शब्द. तो लहान वस्तूलाच शोभतो: ओठ, पोपटाची चोच, बोटाच्या पेराएवढं फूल. रस्त्यावरची बस कितीही लाल असली तरी लालचुटुक होत नाही. तळहातावर मावणारी खेळण्यातली बस खुशाल होते. म्हणजे चेंडू केवढा होता, हे आधी मुलीला विचारायला हवं. मुठीत मावणारा असेल तर आजींनाही हरकत घेता येणार नाही. आणि लालेलाल राहिलाच. तो रंग किती पसरलाय ते सांगतो. रंगकाम करून उठलेल्या मुलाचे हात लालेलाल.

गडद आणि फिकट हे शब्द रंगाची मात्रा सांगतात, रंगाच्या डब्यावर ते ठीकच आहेत. बुंद, भडक, चुटुक या रंगाला जोडलेल्या शेपट्या बघणाऱ्याबद्दलही सांगतात. पांढराशुभ्र आणि पांढराफटक यांत पांढरेपणा कमी-जास्त नाही. धुऊन वाळलेली चादर शुभ्र, घाबरलेल्या माणसाचा चेहरा फटक. केस आणि डोळे काळेभोर, अंधार काळाकुट्ट, कातळ काळाकभिन्न. 'काळेकुट्ट डोळे' असं म्हणून बघा, कौतुक तिथल्या तिथे विरतं. गवत हिरवंगार, आणि थंडगारमधला गार कानात असल्यामुळे असेल, त्या हिरव्याचा गारवा मला तरी नेहमी जाणवतो. काही शेपट्या तर नुसतीच पुनरुक्ती आहेत. जर्द म्हणजे फारसीत पिवळा, तेव्हा पिवळाजर्द म्हणजे पिवळापिवळा. शुभ्रचंही तेच, फक्त तो संस्कृतातून आलाय.

खेळ वाढवायचा असेल तर रंगावरच थांबायची गरज नाही. नवीकोरी वही, मऊसूत दुलई, थंडगार पाणी, पावसातून आलेला ओलाचिंब भाऊ, ही सगळी याच घराण्यातली मंडळी. 'नवी वही मिळाली' ही बातमी झाली. 'नवीकोरी' म्हटलं की पहिलं पान उघडायची घाई त्यात आली.

आता जांभळंगुडूप. गंमत अशी की जांभळ्याला मराठीत रुळलेली शेपूटच नाही. गुलाबीला नाही, नारिंगीला, तपकिरीला, राखाडीलाही नाही. शेपट्या मिळाल्यात त्या काळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा आणि निळा या सहांना. ब्रेंट बर्लिन आणि पॉल के या अमेरिकी संशोधकांनी 1969 मध्ये 98 भाषांमधल्या रंगनामांचा अभ्यास मांडला. भाषांत मूळ रंगनामं साधारण ठरावीक क्रमाने येतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या क्रमातले पहिले सहा हेच. तपकिरी, जांभळा, गुलाबी, नारिंगी, राखाडी त्यानंतरचे. पुढे या मांडणीत बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण आपल्या शेपट्यांशी ती अशी जुळावी याची मला मौज वाटते.

माझा अंदाज असा की गुलाब, नारिंग, तपकीर, राख, जांभूळ या वस्तू त्या रंगांच्या नावातच बसल्यामुळे चित्र आधीच तयार असतं आणि शेपटीची निकड भासत नाही. तांबडा याला अपवाद. तांबं नावात असूनही तो तांबडाभडक होतोच.

म्हणून 'असा शब्द नसतो' असं मुलीला सांगू नका. तिने शेपूट उगाच लावलेली नाही. 'अंधार गुडूप' आपण म्हणतोच, पांघरूण ओढून मूल गुडूप होतं हेही म्हणतो. ज्याच्या आत शिरल्यावर आपण दिसेनासे होतो, असा जांभळा. पांघरुणाला याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही. फक्त व्याकरण जुन्या शब्दांसारखं चालवा. हिरवागार, हिरवीगार, हिरव्यागार यांत पुढचा अर्धा बदलतो आणि शेपूट तशीच राहते. त्याच चालीवर जांभळी चादर जांभळीगुडूप आणि जांभळ्यागुडूप पांघरुणात. लिहायचं ते जोडून.