मॅसी ट्रॅक्टर लोडवर दम सोडतोय? डिझेल पंप खोलायच्या आधी सलाईन लावून बघा

दादा, तुमची मॅसी लोडवर ताकद सोडते ही पोस्ट, त्यातलं 'रिकामी पळवली तर वाघ, रोटाव्हेटर टेकवला की पंधरा मिनिटांत शेळी' हे वाक्य वाचलं आणि आमचा २०१४ चा जुलै डोळ्यांपुढे आला. आमचीही मॅसी १०३५ च, वडिलांनी घेतलेली. आम्ही राहायला ठाण्यात, बाळकुमला, शेत मुरबाडकडे. लक्षणं तंतोतंत तुमचीच. चिखलणी सुरू केली की इंजिन हळूहळू बसत जायचं. बंद करून चहा पिऊन आलं की पुन्हा पंधरा मिनिटं झकास. तुमच्या मिस्त्रीने 'बोअर करावं लागेल', म्हणजे इंजिन खोलून सिलिंडर नवे करावे लागतील, असं म्हटलंय ना? आम्हालाही तेच ऐकवलं होतं. जरा थांबा.

फिल्टर, एअर क्लीनरचं ऑइल, टाकी धुणं हे तुम्ही उरकलंच असेल, त्यात शिरत नाही. क्लच घसरत असता तर इंजिन ओरडलं असतं आणि चाकं मागे राहिली असती. तुमच्याकडे इंजिनच बसतंय, म्हणजे क्लच सोडून द्या.

बघायचं ते धुराकडे. ताकद जाताना भसाभस काळा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय किंवा नोझल मुततंय (फवाऱ्याऐवजी धार सोडतंय). तुम्ही लिहिलंय की धूर उलट कमी होतो. मग डिझेलच पोचत नाहीये. आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) गेलेलं असेल तर ते चहा पिऊन परत येत नाही हो! विश्रांतीने बरं होणारं दुखणं बहुतेक वेळा टाकी ते पंप या दोन-अडीच फुटांतच असतं. रिकामं चालताना इंजिनला डिझेल लागतं थोडंसं, ते अर्धवट तुंबलेल्या वाटेनेही येतं. लोडवर मागणी कितीतरी पट वाढते, फिल्टरच्या वाटीतला साठा संपतो आणि मग उपासमार. बंद ठेवलं की वाटी पुन्हा भरते.

आता माझी चूक सांगतो, कारण तुम्ही त्याच वाटेवर आहात असं वाटतंय. मी थेट नोझलना डिझेल दाबून पुरवणारा मोठा पंप उतरवला. हा सीएव्ही कंपनीच्या डीपीए जातीचा पंप, आतले सगळे भाग डिझेलवरच वंगण घेतात, त्यामुळे 'पंप गेला' म्हटलं की आपल्याला पटतं. वडिलांच्या जुन्या धोतरात गुंडाळून, गोणपाटात घालून, एसटीने कल्याण आणि तिथून लोकलने ठाणे. डब्यात डिझेलचा वास सुटला, शेजारचा माणूस उठून दाराशी जाऊन उभा राहिला. दुकानाचं नाव घेत नाही. त्यांनी पंप हातात घेतला, शाफ्ट एकदा फिरवला आणि म्हणाले, 'फुल ओव्हरहॉल'. मी मान डोलावली. तिथेच माती खाल्ली.

अकरा दिवस. रोज फोन केला की 'उद्या या'. रोपं रोपवाटिकेतच पिवळी पडायला लागली, शेवटी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर तासावर घेऊन चिखलणी उरकली. बिल चौदा हजार, त्यावर एकच ओळ: 'पंप रिपेअर'. आधी रीडिंग काय होतं, नंतर काय केलं, काही नाही. विचारलं तर 'तुम्हाला त्यातलं काय कळणार' अशा नजरेने बघितलं. पंप बसवला, एअर (नळ्यांत अडकलेली हवा) काढली, पहिल्याच हिसक्याला काळाकुट्ट धूर. त्यांनी आतून डिझेल वाढवून दिलं होतं, म्हणजे गिऱ्हाइकाला ताकद आल्यासारखं वाटावं. आणि पंधरा मिनिटांनी मॅसी पुन्हा बसली ती बसलीच. आता तर धुरावरून काही ओळखायचीही सोय राहिली नाही. तक्रार करायला गेलो तर उत्तर तयार: 'इंजिन थकलंय, बोअर करा.'

मी बोअरचे पैसे जमवायलाही लागलो होतो. आमच्या गावात वीटभट्टीवर ट्रॅक्टर चालवणारे एक म्हातारे काका आहेत. त्यांनी फक्त विचारलं, 'सलाईन लावून पाहिलंस का?' पाच लिटरचा स्वच्छ कॅन, त्याला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक सरळ फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणाऱ्या छोट्या पंपाच्या) तोंडाला. कॅन बॉनेटच्या वर बांधला, सायलेन्सरपासून लांब (हे विसरू नका, डिझेल तापलेल्या सायलेन्सरवर सांडलं तर पेट घेऊ शकतं). एअर काढली आणि जड रानात घातला. पाऊण तास काळा धूर ओकत, पण एकदाही न बसता चालला.

मग काकांनी टाकीच्या कॉकपासून (तोटीपासून) फीड पंपाकडे येणारी नळी काढली आणि पान कातरायच्या अडकित्त्याने उभी चिरली. बाहेरून टणटणीत. आतला थर मात्र डिझेलने फुगून सुटलेला, पापुद्र्यासारखा लोंबत होता. ओढ कमी असली की पापुद्रा कडेला, ओढ वाढली की तोच जिभेसारखा तोंडावर. ही नळी कोणी टाकली होती? मीच. दोन वर्षांपूर्वी मूळची लोखंडी नळी तडकली, तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातून पाण्याची रबरी नळी आणून क्लिपा लावल्या होत्या. साठ रुपयांत काम झालं म्हणून घरी फुशारकीही मारली होती.

म्हणून माझं मत (मी फिटर नाही, एका मॅसीचा त्रास सोसलेला माणूस आहे, एवढंच): आधी सलाईन. सलाईनवर चालली तर दोष टाकी, कॉक, जाळी किंवा नळीत. नळी काढून बाटलीत धार धरून बघा, पण पहिल्या जोरावर भुलू नका, दोन-तीन लिटर जाऊ द्या. कचरा कॉकवर जमायला तेवढा वेळ लागतो. टाकीचं झाकणही तपासा. जुन्या गाड्या हौसेने रंगवतात, तेव्हा झाकणातलं हवेचं बारीक भोक हमखास रंगाने बुजतं. गाडी बसली की लगेच झाकण सैल करा. सूं आवाज आला आणि इंजिनने उचल घेतली तर खर्च एका टाचणीचा.

सलाईनवरही बसली तरच पंप-नोझलकडे वळा. पंप खरंच झिजलाय का, याची एक गावठी खूण आहे: तापलेलं इंजिन बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही, आणि पंपावर गार पाण्याचं फडकं टाकल्यावर होतं. तसं असेल तर माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवा. पंप देताना मात्र निक्षून सांगा की खोलायच्या आधी जसा आहे तसा टेस्ट बेंचवर (पंप तपासायच्या यंत्रावर) चढवा आणि रीडिंग कागदावर लिहून द्या. नाही म्हणाले तर पंप उचलून चालू लागा. मला वाढवलेलं डिझेल कमी करून घ्यायला दुसऱ्या दुकानात पुन्हा पैसे मोजावे लागले, आणि तिथे कळलं की मुळात पंपाला फारसं काही झालंच नसावं.

जाता जाता, डिझेलात रॉकेल मिसळायची कोणाची सवय असेल तर मोडा. रॉकेल पातळ, या पंपाचं वंगणच जातं.

तुम्ही टाकलेल्या फोटोत कॉकच्या खाली हिरवट नळी दिसतेय. ती डिझेलची आहे की बागेची? सलाईनवर गाडी चालली तर आधी ती चिरून बघा आणि आत काय निघालं ते कळवा.